मंडळाच्या सीडी ठेवायच्या का अ‍ॅपवरच जायचं? टाळेचा आवाज कुठं बिघडते?

खंजिरी_दारव्हा

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या गावात भजन मंडळाची खोली आहे, वीस बाय तीस फूट, वर टिनं. सामान असं: जुना सीडी प्लेअर, असेंबल केलेला अ‍ॅम्प (४४४० आयसीचे दोन बोर्ड, समोर यूएसबी-ब्लूटूथ किट) आणि आठ इंची दोन स्पीकर. सीडी साधारण १२०. त्यात राष्ट्रसंतांची खंजिरी भजनं, अभंग, नाट्यसंगीत आणि थोडं शास्त्रीय.

पोरांचं म्हणणं, अ‍ॅपची वर्गणी भरा अन् सीडी रद्दीत घाला. जुने टाळकरी म्हणतात, मोबाइलवर टाळ "पाण्यात बुडवून वाजवल्यासारखी" येते, सीडीत तशी येत नाही. पोरं म्हणतात हा मनाचा खेळ.

खोलीत ४जी दोन काड्या, रोजचा डेटा दीड जीबी. लाइन गेली की इन्व्हर्टर. फरक खरंच आहे काय, आणि असेल तर नेमका कशामुळं?

---

बिटरेट_बुवा

टाळकऱ्यांचे कान बरोबर आहेत, पण दोष अ‍ॅपला सरसकट देता येणार नाही.

सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, डावा-उजवा मिळून दोन चॅनल. गुणाकार १४११.२ किलोबिट दर सेकंदाला. काही गाळलेलं नाही. अ‍ॅप ३२० किलोबिटवर वाजवतं तेव्हा डेटा चौथ्या हिश्श्याहून कमी असतो, पण आवाज चौथाई होत नाही. मोठ्या आवाजाखाली दबलेलं जे कानाला तसंही ऐकू येत नाही, तेच आधी गाळलं जातं. बासरी, तंबोरा, गायकाचा लांब सूर थोडक्या आकड्यांत नीट बसतो.

टाळ, झांज, चिपळ्या आणि खंजिरीच्या चकत्या मात्र बसत नाहीत. टोला एकदम पडतो आणि त्याचा आवाज वरच्या सगळ्या पट्टीभर पसरतो. एन्कोडर, म्हणजे हे गाळणारा प्रोग्रॅम, आवाजाचे तुकडे पाडून हिशेब करतो. एमपी३ची एक फ्रेम ११५२ नमुन्यांची, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंदांची. टोला तुकड्याच्या मध्यावर पडला की गाळताना झालेली चूक पूर्ण तुकडाभर पसरते, टोल्याच्या आधीच्या शांततेतसुद्धा. याला प्री-एको म्हणतात. चांगला एन्कोडर टोला ओळखून लहान तुकड्यांवर येतो, पण त्याला जास्त बिट लागतात. ९६ किलोबिटवर ते शिल्लक नसतात, म्हणून टोल्याची धार जाते आणि मागं तो पाणीदार खळखळाट उरतो. कोडेक (आवाज गाळून लहान करायची पद्धत) तपासणारे लोक स्पेनच्या कॅस्टनेटचं, म्हणजे तिकडच्या लाकडी चिपळ्यांचं रेकॉर्डिंग वापरतात ते याचसाठी. तुमच्या मंडळाकडं परीक्षेचा पेपर आधीच आहे म्हणा ना.

आता तुमच्याकडं काय होत असावं. अ‍ॅपची गुणवत्ता "ऑटोमॅटिक"वर असणार. दोन काड्यांवर अ‍ॅप गुपचूप खालच्या दर्जावर उतरतं, सांगत नाही. यूट्यूब म्युझिकचा "लो" ४८ किलोबिटपर्यंत, "नॉर्मल" १२८, "हाय" २५६. मोबाइल नेटवर्कसाठी "ऑलवेज हाय" वेगळं निवडावं लागतं. स्पॉटिफायचं फुकट खातं मोबाइलवर १६० च्या वर जात नाही, पैसे भरले की प्लॅननुसार ३२० पर्यंत. वाय-फाय, मोबाइल डेटा आणि डाउनलोड या तिन्हींची सेटिंग वेगवेगळी असते. लोक एक बदलतात आणि दोन विसरतात. डेटा सेव्हर चालू असेल तर तोही बंद करा.

दीड जीबीत काय बसतं: ९६ ला तासाला ४३ एमबी, १६० ला ७२, ३२० ला १४४. म्हणजे ३२० वरही रोज चार तास आरामात. लॉसलेसला, सीडीच्या दर्जाला, तासाला ३५० ते ४५० एमबी. अ‍ॅपल म्युझिक जून २०२१ पासून वेगळे पैसे न घेता लॉसलेस देतं. स्पॉटिफायनं २०२५ मध्ये आणलं, पण कोणत्या प्लॅनमध्ये मिळतं ते पैसे भरण्याआधी पाहा.

थेट नेटवरून वाजवूच नका. तालुक्याला चांगलं वाय-फाय मिळेल तिथं वरच्या दर्जात डाउनलोड करून आणा आणि खोलीत फोन ऑफलाइन ठेवून वाजवा. मग काड्या दोन असोत की शून्य. स्पॉटिफायला मात्र ३० दिवसांतून एकदा तरी नेट दाखवावं लागतं, नाहीतर डाउनलोड केलेलं गायब होतं.

आणि ही वर्गणी वैयक्तिक वापराची असते. उत्सवात लाउडस्पीकरवर वाजवायचा परवाना त्यात येत नाही.

---

सोल्डर_वऱ्हाडी

बुवांचं बरोबर हाये, पण भाऊ, तुमचं अर्धं दुखणं त्या डब्ब्यात हाये.

पयले सांगा, मोबाइल अ‍ॅम्पले जोडता कसा? किटच्या ब्लूटूथवर जोडत असाल तं गाणं दोनदा दळल्या जाते. अ‍ॅपनं एकदा गाळलं, मंग फोननं ते उलगडून ब्लूटूथसाठी पुन्हा गाळलं. त्या स्वस्त किटा फक्त एसबीसी कोडेक घेतात, जास्तीत जास्त ३२८ किलोबिट, अन् सिग्नल कमजोर पडला का त्याच्याही खाली. टाळेचा पाणी-पाणी आवाज इथूनही येते. अ‍ॅपमधी लॉसलेस घ्या नाहीतं अजून काही घ्या, ब्लूटूथच्या नळीतून ते लॉसलेस राहत नाही. ३.५ एमएम ते दोन आरसीए अशी वायर घ्या, दीड मीटर, शिल्डवाली. फोनले जॅक नसन तं टाइप-सी डोंगल.

दुसरं म्हणजे आवाजाची पातळी. सीडी प्लेअर लाइन आउटले २ व्होल्ट देते. फोन अर्धा ते एक व्होल्ट. म्हणजे त्याच नॉबवर सीडी ६ ते १२ डेसिबल मोठी वाजते. अन् कानाचा धर्म असा हाये का जे मोठं वाजते तेच चांगलं वाटते. निम्म्या भांडणाचं मूळ हेच. फोनचा आवाज पूर्ण किंवा एक-दोन घरं कमी ठेवा अन् कमी-जास्त अ‍ॅम्पच्या नॉबनं करा. फोन निम्म्यावर ठेवून अ‍ॅम्प पूर्ण पिळला तं गाण्यासंगं सगळी खरखरही मोठी होते.

तिसरं, घुर्र अन् चिर्र. चार्जर लावून वाजवत असाल तं आधी चार्जर काढून पाहा. आवाज गेला तं दोष चार्जरचा. दोन पिनच्या चार्जरले आर्थिंग नसते, त्याची गळती वायरीतून अ‍ॅम्पमधी उतरते. किट लावल्यावर बारीक किर्र येत असन, गाणं बंद असताना बी, तं किट अन् अ‍ॅम्प एकाच ट्रान्सफॉर्मरवरून चालत असन. मधात ७८०५ लावून ५ व्होल्ट काढलेले असतात, त्यातून किटच्या आतला डिजिटल कचरा ग्राउंडवाटे ४४४० मधी शिरते. किटले वेगळा ५ व्होल्ट अ‍ॅडॅप्टर द्या, नाहीतं बी०५०५एस नावाचा आयसोलेटेड मॉड्यूल मधात टाका. तो एक वॅटचा, म्हणजे २०० मिलिअ‍ॅम्पच देते. पेन ड्राइव्ह जास्त ओढत असन तं अ‍ॅडॅप्टरच बरा.

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा हाये का साइन वेव्हचा ते पाहा. स्क्वेअर असन तं लाइन गेल्यावर ट्रान्सफॉर्मरच घुमते, अन् त्याची भुणभुण स्पीकरमधी येते. तवा सीडी अन् अ‍ॅप दोन्ही सारखेच खराब, तुलना करूच नका. ४४४० तसाही बाराच्या डीसीवर चालणारा आयसी हाये. फिल्टर कपॅसिटरच्या मागं फ्यूज अन् डायोड टाकून बॅटरीवरून थेट देता येते, म्हणजे इन्व्हर्टरचा फेराच नको. वायरची उलट-सुलट तपासूनच जोडा, डायोड काहून टाकायचा ते मंग कळन.

---

खंजिरी_दारव्हा

धन्यवाद. ब्लूटूथवरच चालू होतं, आता वायर आणतो. अ‍ॅपमध्ये "ऑटोमॅटिक" होतं हेही खरं. सीडी मग टाकायच्या की ठेवायच्या, ते राहिलं.

---

रेकॉर्डखोली_मेहकर

दादा, टाकू नका. पण १२० च्या १२० "सीडी" आहेत का ते आधी पाहा. आपल्याकडं यात्रेत, बस स्टँडवर मिळणाऱ्या "१५० भजनं एकाच सीडीत" या ऑडिओ सीडी नव्हेतच. ७०० एमबीच्या तबकडीवर १५० गाणी म्हणजे गाण्याला साडेचार एमबी, पाच मिनिटांच्या भजनाला १२८ किलोबिटच्या आतबाहेर. ते अ‍ॅपच्या ३२० पेक्षा हलकं. खऱ्या ऑडिओ सीडीत ७४ ते ८० मिनिटंच मावतात.

कॉम्प्युटरमध्ये टाकून पाहा. ट्रॅक०१ डॉट सीडीए अशा एकेक केबीच्या फाइली दिसल्या तर ऑडिओ सीडी. एमपी३ फाइली दिसल्या तर डेटा सीडी. तिसरा प्रकार फसवा: एमपी३ वरून कोणीतरी ऑडिओ सीडी जाळलेली, म्हणजे कॉम्प्युटरवर बर्न केलेली असते. तिथं सीडीए दिसतं, पण माल एमपी३चाच. खालची बाजू बघा. कारखान्यात छापलेली चांदीसारखी पांढरी, जाळलेली हिरवट, निळसर किंवा सोनेरी झाक असलेली. शंका राहिली तर फाइल काढून स्पेक या फुकट प्रोग्रॅममध्ये उघडा. खऱ्या सीडीचा आलेख २० ते २२ किलोहर्ट्झपर्यंत जातो, १२८ च्या एमपी३चा १६ किलोहर्ट्झवर विळ्यानं कापल्यासारखा थांबतो. ७८ आरपीएमच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांवरून केलेल्या सीडीला ही कसोटी लावू नका. मूळ मुद्रणातच वरचे सूर नव्हते, तिथं वर नुसती खरखर दिसेल.

चांदीच्या सगळ्या ठेवा. कारण फॉरमॅटपेक्षा मोठं आहे: अ‍ॅपवर तेच गाणं असलं तरी तीच प्रत असेलच असं नाही. पुष्कळदा नंतर रीमास्टर केलेली असते, बारीक आवाज वर ओढून आणि मोठा दाबून सगळं एका पातळीत आणलेली. अभंगाच्या सुरुवातीची हलकी आलापी आणि शेवटचा गजर सारख्याच जोरात ऐकू आले तर दोष बिटरेटचा नाही, मास्टरिंगचा. अशी प्रत लॉसलेसमध्ये घेतली तरी दाबलेलीच येणार. सीडीच्या मागं एएडी, एडीडी किंवा डीडीडी अशी तीन अक्षरं असतील. रेकॉर्डिंग, मिक्सिंग आणि मास्टरिंग अ‍ॅनालॉगवर झालं की डिजिटलवर, ते त्या क्रमानं लिहिलेलं असतं. दर्जाचा शिक्का नव्हे तो, पण कोणत्या काळातली प्रत हे ताडायला बरा.

आणि वऱ्हाडातल्या स्थानिक कंपन्यांनी काढलेली भजनं अ‍ॅपवर सापडतीलच असं नाही. आज सापडली तरी करार संपला की उतरतात.

आता उतरवून ठेवण्याबद्दल. जुना लॅपटॉप आणि डीव्हीडी ड्राइव्ह पुरे. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा फुकट प्रोग्रॅम घ्या, "सिक्युअर मोड"वर ठेवा, आणि "टेस्ट अँड कॉपी"नं काढा. तो प्रत्येक ट्रॅक दोनदा वाचतो आणि दोन्हींचा सीआरसी, म्हणजे डेटा पडताळायचा आकडा दाखवतो. प्रसिद्ध सीडी असेल तर अ‍ॅक्युरेटरिप ही नेटवरची यादी इतरांच्या प्रतींशी ताडून देते. गावाकडच्या भजनाची सीडी त्या यादीत बहुधा सापडणार नाही. तिथं दोन सीआरसी जुळले हाच पुरावा. न जुळल्यास सीडी पुसा, वेग ८ एक्स किंवा ४ एक्सवर आणा, पुन्हा काढा.

फाइली फ्लॅकमध्ये करा, म्हणजे काही न गाळता लहान होतात. कॉम्प्रेशन ५ असो की ८, आवाज तोच, फाइल किंचित लहान होते इतकंच. तासाभराची सीडी ६३५ एमबीऐवजी साधारण ३५० एमबीत बसते, १२० सीडी ४०-४५ जीबीत. "शांतता कापा" हा पर्याय बंद ठेवा. भजनातून थेट गजरात जाणाऱ्या ट्रॅकचा सांधा त्यानं तुटतो. दोन प्रती ठेवा, एक हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या घरी. पेन ड्राइव्ह ही वाजवायची वस्तू, साठवायची नाही.

पुसताना साधं पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, जुन्या धोतराचा मऊ तुकडा. मधल्या भोकापासून सरळ काठाकडं पुसा, गोल फिरवू नका. डेटा वर्तुळात लिहिलेला असतो. गोल ओरखडा लागोपाठचा डेटा खातो, आडवा ओरखडा थोडाथोडा. सीडीची चूक सुधारण्याची पद्धत अडीच मिलिमीटरपर्यंतची सलग खोट भरून काढते, त्यापुढं प्लेअर अंदाजानं जोडतो. थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल लावलं तर प्लास्टिक विरघळेल. खालच्या बाजूचा ओरखडा घासून जाऊ शकतो, वरच्या छापील बाजूचा नाही, कारण चांदीसारखा चमकणारा थर छपाईच्या लगेच खाली असतो. सीडी उजेडाकडं धरा. वरच्या ओरखड्यातून प्रकाश आरपार आला तर तेवढं गाणं गेलं.

जाळलेल्या सीडी सगळ्यात आधी उतरवा. त्यांच्यातला रंगद्रव्याचा थर उन्हानं आणि उष्णतेनं मरतो, आणि टिनाखालची खोली मे महिन्यात काय तापते हे दारव्ह्याला सांगायला नको.

---

हायरेझ_नागपूर

एवढं कशाला करता? सीडी हे १९८२ सालचं तंत्र. आता २४ बिट १९२ किलोहर्ट्झ मिळतं, त्यापुढं सीडी म्हणजे बैलगाडी. थेट हाय-रेझ घ्या.

---

बिटरेट_बुवा

ऐकायच्या प्रतीसाठी १६ बिट पुरे. १६ बिटमध्ये सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात बारीक आवाजातलं अंतर सुमारे ९६ डेसिबल मिळतं. टिनाच्या खोलीत पंखा चालू असताना त्यातलं निम्मंही वापरलं जात नाही. ४४.१ किलोहर्ट्झमध्ये २२ किलोहर्ट्झपर्यंतचे सूर बसतात. माणसाचं कान तरुणपणी २० पर्यंत, चाळिशीनंतर त्याहून बरंच खाली. २४ बिटचा उपयोग रेकॉर्डिंग करताना खरा आहे, पातळी ठरवायला मोकळीक मिळते. भजनाचा कार्यक्रम रेकॉर्ड करत असाल तर जरूर २४ वर करा.

खर्चाचं पाहा. २४/१९२ चं तीन मिनिटांचं गाणं सुमारे १४५ एमबी. दीड जीबीत दहाच गाणी. वर वेगळा डॅक (डिजिटल आकड्यांचा आवाज करणारा डबा) नसेल तर अँड्रॉइड बहुधा सगळं ४८ किलोहर्ट्झवर उतरवूनच बाहेर काढतो.

वाद मिटवायचा तर आंधळी परीक्षा घ्या. सीडीवरून काढलेली एक फ्लॅक फाइल घ्या, तिचीच ३२० ची आणि ९६ ची एमपी३ करा. अ‍ॅपवरचं गाणं घेऊ नका, मास्टर वेगळं निघालं तर परीक्षा फुकट जाईल. फूबार२००० मध्ये एबीएक्स कॉम्पोनंट टाका. तो कोणती फाइल वाजते हे लपवतो. १६ वेळा ओळखायला लावा. १२ किंवा जास्त बरोबर आले तर फरक ऐकू येतो असं धरा, नुसत्या अंदाजानं तेवढे येण्याची शक्यता शंभरात चाराहून कमी. टाळ आणि खंजिरी असलेला दहा सेकंदांचा तुकडाच घ्या, पूर्ण भजन नको. ९६ ची प्रत टाळकरी सहज पकडतील. ३२० ला बहुतेकांचे आठ-नऊवर थांबतात.

सीडी प्लेअर आणि फोन समोरासमोर ठेवायचे असतील तर आधी पातळी जुळवा, फरक ०.२ डेसिबलच्या आत. अ‍ॅपमधलं व्हॉल्यूम नॉर्मलायझेशनही बंद करा. स्पॉटिफायचं "नॉर्मल" सगळी गाणी -१४ लफ्सवर (आवाजाच्या जोराचं माप) आणतं, "लाउड" -११ वर आणतं आणि त्यात लिमिटर लागतो, तो टाळेचा टोला दाबतो. रोजच्या वापराला "नॉर्मल" ठेवायला हरकत नाही, "लाउड" कधीच नको.

---

सोल्डर_वऱ्हाडी

पातळी जुळवाले पिवळं ८३० मल्टिमीटर घ्याल तं सांभाळा. त्याची एसीची सगळ्यात लहान रेंज २०० व्होल्टची, म्हणजे ०.१ व्होल्टच्या खालचं दिसत नाही, अन् ४०० हर्ट्झच्या वरचं ते बरोबर मोजत नाही. २०० हर्ट्झचा सरळ सूर सीडीवर जाळा, तोच फोनमधी टाका. स्पीकरच्या टर्मिनलवर ५ व्होल्टच्या जवळ आणा, दोन-तीन सेकंदच. तिथं ०.१ चा फरक म्हणजे पाव डेसिबलच्या आत. २ व्होल्टवर मोजाल तं तोच फरक जवळजवळ अर्धा डेसिबल होते.

अन् टिनाचं काही करा भाऊ. टाळेचा आवाज टिनावर आपटून वापस येते, त्यात ३२० का फ्लॅक कोनाच्या बापाले समजणार नाही. स्पीकरच्या समोरच्या भिंतीले कापसाच्या दोन जुन्या गाद्या उभ्या करा, चार इंची, भिंतीपासून चार बोटं सोडून. खाली सतरंजी. आपल्याकडं कापसाची काय कमी.

---

खंजिरी_दारव्हा

तपासलं. चांदीच्या ४७ निघाल्या, जाळलेल्या २८, बाकी सगळ्या एमपी३वाल्या. म्हणजे टाळकरी ज्याला "सीडीचा आवाज" म्हणत होते, त्यातल्या बऱ्याच एमपी३च होत्या, फक्त वायरवरून वाजत होत्या. 🙂

फ्लॅक केल्यावर किटमध्ये पेन ड्राइव्ह लावून चालेल काय? लॅपटॉप रोज खोलीत ठेवता येणार नाही.

---

सोल्डर_वऱ्हाडी

काही किटा फ्लॅक घेतात, काही नाही, एक फाइल टाकून पाहा. नाही घेतली तं त्याच फ्लॅकवरून ३२० ची एमपी३ करा, मूळ फ्लॅक हार्ड डिस्कवर राहू द्या. पेन ड्राइव्ह ३२ जीबीचा घ्या, फॅट३२ मधी फॉरमॅट करा. ६४ वाला बहुतेक एक्सफॅटमधी येते, किट त्याले ओळखत नाही. फाइलीचं नाव इंग्रजी अक्षरात ठेवा, देवनागरी नाव किटच्या डिस्प्लेवर चौकोन-चौकोन दिसते.

अन् ह्या किटा नावाच्या क्रमानं वाजवत नाहीत, ज्या क्रमानं कॉपी केलं त्या क्रमानं वाजवतात. म्हणून आधी ड्राइव्ह कोरा करा, मंग ०१, ०२ असे नंबर लावून एकेक फोल्डर क्रमानं कॉपी करा. मधात एखादं भजन नंतर घुसवलं तं ते आरतीच्या बी मागं जाऊन बसन.